न झाकलेलं मरण

(हॅरो, १९९१. ईस्टरचा आदला दिवस. निवृत्त नर्स शांताबाई साळवे आणि शेजारची मीनल. मीनलला ए-लेव्हल परीक्षेसाठी निबंध लिहायचाय.)

मीनल : पण मावशी, क्रॉस तर गुलामांची शिक्षा होता. नागडं करून, रस्त्यालगत. मग पहिल्या ख्रिश्चन लोकांनी ते लपवलं का नाही?

शांताबाई : लपवता आलं असतं, बाळा. लोक हसायचे त्यांना. म्हणायचे, तुमचा देव वधस्तंभावर मेला? तरी ते तेच सांगत राहिले.

मीनल : आणि रेझरेक्शन, त्याचं मेल्यावर पुन्हा उठणं? टीचर मिरॅकल म्हणते. त्यांना काय वाटायचं?

शांताबाई : निकाल फिरला, असं वाटायचं. टांगलेला तो शापित, असं शास्त्रातच होतं. सरकारनंही गुन्हेगार ठरवलेला. आणि देवानं त्यालाच उठवलं, म्हणाला, हा माझा. मग त्यांना उमगलं, आपला शाप यानं अंगावर घेतला. आता कुणालाच शापित म्हणायचं नाही.

मीनल : किती छान सांगता! मग तुम्ही चर्चला का नाही जात?

शांताबाई : शशिधर कशानं गेला, ठाऊक आहे तुला?

मीनल : न्यूमोनिया ना?

शांताबाई : मीच तसं सांगितलं सगळ्यांना. एड्स होता माझ्या लेकाला. सहा वर्षं झाली.

मीनल : मावशी…

शांताबाई : चर्चमधल्या एका बाईंनी नुसत्या संशयावरून त्याचा कप वेगळा काढला, तेव्हापासून मी जाणंच सोडलं. वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांना धीर देणारी मी, स्वतःच्या पोराचं मरण झाकून बसले.

मीनल : कुणालाच नव्हतं माहीत?

शांताबाई : तुझ्या मम्मीला. नंदानं ओळखलं, पण एका शब्दानं विचारलं नाही. कामावरून सुटली की यायची, वरणभात कालवून भरवायची. तो म्हणाला, नंदाताई, ग्लोव्हज घाल. ती म्हणाली, ग्लोव्हज घालून कुणी घास भरवतं का रे? किती महिन्यांनी हसला माझा शशी!

मीनल : मम्मी कधी बोललीच नाही.

शांताबाई : शपथ घातली होती मी. तिचे उपकार कुठल्या तोंडानं सांगू? सकाळी चर्चच्या व्हिकरना फोन केला. उद्या प्रार्थनेत वारलेल्यांची नावं वाचतात. म्हटलं, शशिधर साळवे, वय अठ्ठावीस, एड्सनं गेला, असंच वाचा.

मीनल : ते काय म्हणाले?

शांताबाई : म्हणाले, त्याचं नाव आधी वाचतो.

मीनल : मी येऊ तुमच्याबरोबर?

शांताबाई : ये. आणि मम्मीला म्हणावं, मागं बसू नकोस. पुढचा बाक घरच्यांचा असतो.