तिसरी उडी

लेकीला न सांगता बुरुल बिश्केकच्या स्टेडियमवर आली होती. पोल व्हॉल्टच्या स्पर्धेआधी चहाच्या रांगेत उभी असताना मागून लेक आयझिरेक आणि तिचे प्रशिक्षक बोलताना ऐकू आले. लेक त्यांना 'आगाय', म्हणजे 'सर' म्हणायची.

"आगाय, बाकीच्या मुली सरावातच आठ-आठ उड्या मारतायत."

"मारू देत. स्पर्धेत पाय गळतील त्यांचे. तू धावून अंग गरम केलंस ना? आता दोनच उड्या मार."

"तीन मारीन. तिसरी कडक पोलवर."

"गेल्या वर्षी त्याच्यावरूनच पडून मनगट मोडलंस!"

"म्हणूनच. ती भीती घेऊन स्पर्धेत नाही उतरायचं मला."

"अगं, तुझ्या आईला शब्द दिलाय मी, कडक पोल देणार नाही म्हणून."

"आईची समजूत मी काढीन."

बुरुल मागे वळली.

"मार तिसरी," ती म्हणाली. "बघायलाच आलेय मी."