चादरीतली अरुंधती

उत्कर्षानं रात्रीच्या आभाळाचा फोटो काढून तो सोलापुरी चादरीत विणून घेतला होता. प्रदर्शनात ती चादरीजवळच उभी होती. एक म्हातारं जोडपं चादरीवर वाकून सप्तर्षी बघत होतं.

“आवं, एवढीशी अरुंधती? लग्नात तुमी दावली ती लालभडक व्हती!”

“मला कुटं दिसली? भटजी म्हणाले बोट कर, म्या केलं. तिकडं गिरणीची चिमणी व्हती. तिच्यावरला दिवा असंल.”

“दिवा? रोज हात जोडले की त्याला! गिरणी बंद पडून त्यो विझला, तवा तुमच्या काळजीनं सोळा सोमवार धरले!”

“मग? हाय की मी धडधाकट.”

म्हातारी उत्कर्षाकडं वळली.

“पोरी, ही बारकी काढ. हितं लाल दिवा विणून दे.”