जॅमची बाटली कुलपात

हॅलो? … हं, बोल आई. … नाही, अजून लॅबमध्येच आहे, पण बोल. … काय? बाबांनी चोरी केली? … कसली? … जॅम!

हसत नाहीये गं. … बरं, थोडीशी हसले. सकाळी उपाशीपोटी साखर किती आली? … दोनशे दहा. आणि रात्री झोपताना? … एकशे तीस. … हो, हो… अगं ऐक ना, काही न खातासुद्धा सकाळी वाढू शकते. … भुताटकी नाही, लिव्हर. … लिव्हर! जाग यायच्या आधीच शरीर कामाला लागतं. काही हॉर्मोन वाढतात, लिव्हर रक्तात साखर सोडतं, आणि इन्सुलिन तेव्हा कमी पडतं. बाबांनी तीस वर्षं पहाटे चारला बेकरीची भट्टी पेटवली. ते निवृत्त झाले, पण लिव्हरला कुणी कळवलंच नाही. … हो, ऐकत नाही कुणाचं. तुझ्यावर गेलंय.

पण जॅमचं तुला कळलं कसं? … चमचा? उशीखाली? … चिकट? मग पुरावा भक्कम आहे. … कधीपासून? … दहा-बारा दिवस. आणि सकाळची साखर कधीपासून वाढलीय? … महिना झाला? म्हणजे जॅम नंतरचा. मधे काय बदललं?

आई, थांब. इन्सुलिनचा डोस कुणी वाढवला? … तू? चौदाचे सोळा, मग अठरा. डॉक्टरांना विचारून? … "दोन युनिटनं काय होतंय"? अगं, मीठ आहे का ते, चवीनुसार घालायला? … ओरडत नाहीये.

… बनियनींचं आत्ता कुठे काढतेस? … थांब. परत सांग. रोज दोन धुवायला पडतात? … रात्रीची ओली असते? घामानं? … पंखा चालू असून?

आई, बाबांना फोन दे. … नाही रागावत. दे.

बाबा, रात्री जाग किती वाजता येते? … तीनला. हात थरथरतात? … छातीत धडधडतं. … आणि मग जॅम. किती चमचे? … हो, तेव्हा कोण मोजत बसणार! बाबा, साखर खाली जात होती तुमची. … माहीत होतं? मग आईला का नाही सांगितलंत?

…

"ती एवढ्या काळजीनं सुई टोचते, तिला कसं सांगू." … शहाणेच आहात. बारा दिवस लपून खाल्लंत, वर चोरही म्हणवून घेतलंत. … द्या तिला.

आई, ऐकलंस? … हे बघ, बाबांचं हे इन्सुलिन रात्री घेतलं की त्याचा जोर दोन-तीनला असतो. तेव्हा लिव्हर गाढ झोपेत. लिव्हर उठतं चारला, तोवर इन्सुलिन दमलेलं. दोघांची रोजची चुकामूक! तू डोस वाढवलास की तीनला साखर आणखी कोसळते, मग ते जॅम खातात, सकाळी ती आणखी चढलेली दिसते, आणि तू पुन्हा वाढवतेस. … रडू नकोस गं. … आज किती देणार होतीस? … वीस.

इन्सुलिनचं पेन खाली ठेव. ठेवलंस? … आधी डॉक्टरीणबाईंना फोन कर, दवाखाना आठपर्यंत उघडा आहे. सगळं सांग, बनियनीसुद्धा. त्या सांगतील तेवढंच द्यायचं. आणि तीनचा गजर लावून बोटातून साखर तपास. … लाव मलाही फोन, उठेन मी.

आणि जॅम कुठे आहे? … कुलपात? … आजच लावलंस? किल्ली? … कमरेला. … म्हणजे आज तीनला ते उठले असते, आणि कपाट…

आई? … आई, बोल ना. … कसला खडखडाट आहे? … हॅलो? … बाबा? आई कुठे गेली? … कुलूप काढतेय. … आणि? … बाटली तुमच्या उशाशी ठेवली. … चमचाही? … धुतलेला! … काय म्हणतेय ती? … "तीनच चमचे, मोजून." … बाबा, हसू नका, तिला आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन— … हॅलो? … हॅलो?