सिद्रामकाकांची पुण्याची फेरी

अरे, आमच्या सिद्रामकाकांचं सांगितलं का तुम्हाला? आमच्या गावच्या भवानी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान. नवी वेगवान गाडी सुरू झाली आणि गिऱ्हाईक सकाळी पुण्याला जाऊन रात्री तिथलीच खरेदी घेऊन यायला लागलं. दुकान ओस पडलं.

"मग मीच जातो की पुण्याला इकायला," म्हणत काका चादरींचं गाठोडं घेऊन त्याच गाडीत बसले.

डब्यातल्या एसीनं शेजारच्या बाई कुडकुडत होत्या. काकांनी त्यांना एक चादर पांघरायला दिली. बाईंनी ती विकतच घेतली. ते बघून पुढच्या-मागच्यांनीही मागितल्या.

दुपारी काका दुकानात हजर!

काकूंनी विचारलं, "एवढ्यात आलासा? कसं हाय पुणं?"

"कुणाला ठाव? माल कुर्डुवाडीलाच संपला, तितंच उतरलो की!"