पेटीचं कुलूप आणि कार्मेलिन आंटीची टॉप लाइन

नाही पण मला एक सांगा, पडदा उघडून पाच मिनिटं होत नाहीत तर माणसाला नेमकी तेव्हाच कशी काय तहान लागते? आणि एकाला लागली की अख्ख्या रांगेला लागते! मी विंगेत उभा, हिरॉइनचं पहिलं वाक्य अजून पुरतं तोंडाबाहेर पडलेलं नाही, आणि तिकडे खुर्च्यांची करकर सुरू... एक उठला, मग त्याची बायको उठली, मग तिची बहीण, मग बहिणीचं पोर ‘मम्मा, पॉपकॉर्न’ करत... काय बोलणार? तुम्हाला सांगतो, प्रेक्षक म्हणजे ओला बोंबील हो, धरला धरला म्हणेपर्यंत निसटलेला असतो!

मी लिओनेल. बाळकुमचा. आता आमच्या शेतांवर टॉवर आलेत आणि त्या टॉवरच्या लिफ्टा चालू ठेवायचं काम माझं. आणि दरवर्षी चर्चच्या सणाला संध्याकाळी हॉलमध्ये मराठी ड्रामा होतो ना, तो लिहायचं कामही माझंच. लिफ्ट बंद पडली तर निदान लोक फोन तरी करतात! माझी बायको थेल्मा विंगेतून प्रॉम्प्टिंग करते. ती म्हणते, “हा माणूस शाफ्टात रिपेअरला उतरतो आणि वर बघत बसतो.” बसतो! काय बिघडलं? खाली गच्च काळोख असतो, वर पार टोकाला एवढासा उजेडाचा चौकोन, आणि कसली शांतता... मला वाटतं तो चौकोन म्हणजे स्टेज, आणि ह्या काळोखात माझे प्रेक्षक बसलेत, श्वास रोखून, एकही उठत नाही... मग वरून सोसायटीचा सेक्रेटरी ओरडतो, “ओ लिफ्टवाले, झोपले काय?”

एकदा खरंच झालेलं असं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत पाच-सहा जण. मी पळत गेलो, म्हटलं आत रडारड असणार. तर आवाजच नाही! कान लावला तर आत एक बाई हळूहळू काहीतरी सांगत होती, तिच्या माहेरच्या विहिरीचं. मी दार उघडलं तर एक काका माझ्यावरच खेकसले, “थांबा हो जरा, त्यांचं संपू दे!” मी दार परत लोटून घेतलं, काय करणार? आणि बाहेर उभा राहून मीही ऐकलं. त्या दिवसापासून मला तो प्रेक्षक पाहिजे. तेवढाच पाहिजे, दुसरं काही नको.

पण हॉलला कुठे लिफ्टचं दार असतं? हॉलला चार दारं, चारी उघडी, आणि बाहेर वड्यांची कढई! बोंबील निसटणार नाही तर काय होणार?

तर ह्या वर्षी ओवेन अंकलनी मला बोलावलं. अंकल म्हणजे आमच्या सणाच्या कमिटीचे चेअरमन, माणूस सोन्यासारखा, पण बोलणार नाकात. “लिओ, माय बॉय, लास्ट इयर ड्रामा संपला तेव्हा हॉलमध्ये कोण होतं? मी होतो, फादर होते, आणि फादर झोपलेले. ह्या वर्षी पण खुर्च्या खाली झाल्या ना, तर नेक्स्ट इयर ड्रामा खल्लास. डीजे लावू!”

डीजे! म्हणजे वर्षभर लिफ्टच्या टपावर बसून मी मनातल्या मनात जी माणसं बोलती केली, ती कुठे जाणार? हसू नका. खरंच रडू आलेलं मला.

मग मी गेलो डोंबिवलीला. तिथे एकदिवसीय नाट्यलेखन शिबिर होतं. सर एकदम शुद्ध, डोळे मिटून बोलणार. “प्रेक्षकाला भूक लावा. पान मांडा, पण वाढू नका! पहिल्या प्रवेशात प्रश्न टाका, उत्तर शेवटी द्या. आणि विराम, मित्रहो, विराम! दोन शब्दांच्या मधल्या जागेत प्रेक्षक राहायला येतो...” काय सुंदर बोलत होते! मी ऐकता ऐकता कुठल्या कुठे गेलो, दोन शब्दांच्या मध्ये मला अख्खं गाव दिसायला लागलं, खाडीवरचा वारा, दिवे लागलेले, माणसं ओट्यावर येऊन बसलेली... शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा सर समोर उभे. “आपलं नाव काय? आणि आपण घोरत का आहात?” मी घोरत नव्हतो. विरामात होतो.

पण ठरवलं, सगळं वापरायचं! ड्रामा असा लिहिला की स्टेजवर मधोमध एक जहाजी पेटी. बोटीवर गेलेला नवरा बऱ्याच वर्षांनी परत आलाय, मरायला टेकलाय, आणि पेटीला नंबरांचं कुलूप. बायको पहिल्या सीनपासून विचारतेय, पेटीत काय आहे? हा सांगत नाही. प्रश्न टाकला की नाही? आणि शेवटी मरता मरता तो कुलपाचे नंबर सांगणार, तीन नंबर, प्रत्येकाच्या मध्ये विराम. स्वीडल बायको, टेरेन्स नवरा. टेरेन्स तसा बँकेत आहे, पण मरतो छान.

आता ओवेन अंकलची आयडिया बघा. ड्राम्यानंतर आमच्याकडे हाऊजी असतो, तो तिकिटावरचे आकडे खोडायचा खेळ हो, बक्षिसाला मिक्सर, कुकर. त्याची तिकिटं दरवर्षी मागाहून वाटतात. अंकल म्हणाले, “ह्या वर्षी दारातच वाटू. तिकीट हातात असलं की माणूस घरी जात नाही.” मला काय, मी हो म्हटलं. तिकीट नि पेन घेऊन अख्खा हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध कार्मेलिन आंटी. ह्या आंटी हाऊजीशिवाय कशालाच येत नाहीत, लग्नालाही नाही.

पडदा उघडला. स्वीडल पुढे आली. मी डोळे मिटून खुर्च्यांच्या करकरीची वाट बघतोय... करकर नाही. डोळा किलकिला केला. सगळे बसलेत! दुसरा सीन, तरी बसलेत! वड्यांचा वास येतोय, तरी बसलेत! कढईवाला स्वतः दारात येऊन उभा, ह्यांना झालंय काय बघायला! मी थेल्माचा हात धरला. ती म्हणाली, “घाम पूस.”

आणि मग शेवट. टेरेन्स खाटेवर. स्वीडल म्हणते, “सांगा ना, कुलपाचा नंबर काय?” टेरेन्स मान उचलतो. “सत्तावीस...” विराम.

अहो, काय ती शांतता! पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी बाहेर डोकावलं तर अख्ख्या हॉलच्या माना खाली. रडतायत! माझ्या वाक्याला माणसं रडतायत! मला वाटलं, हाच तो काळोख, वर उजेडाचा चौकोन, आणि कुणी उठत नाहीये... “एकसष्ट...” विराम. कुणीतरी उसासा टाकला. “चौतीस!” आणि आता टेरेन्सने मरायचं.

मरेना!

जन्मात पहिल्यांदा चारशे माणसं त्याचं ऐकत होती, कशाला मरेल? परत मान उचलली त्याने. म्हणतो, “अठ्ठ्याऐंशी...” विंगेतून थेल्मा दातओठ खात, “तीनच आहेत! तीनच! मर ना आता, टेरी, मर!” हा म्हणतो, “आणि... पाच...”

“टॉप लाइन!!”

कार्मेलिन आंटी! वरची ओळ पुरी खोडलेलं तिकीट वर धरून, डुलत डुलत स्टेजवर! अहो, त्यांनी पहिल्या सीनला एक आकडा ऐकला आणि सवयीने खोडला. ते बघून शेजारणीने खोडला, मग मागच्या रांगेत कुजबुज, ‘चालू झालं, चालू झालं,’ आणि कोण मागे राहतंय हो? रडत नव्हतं कुणी! माना खाली होत्या त्या तिकिटात!

आंटींनी मरणाऱ्या टेरेन्सच्या नाकासमोर तिकीट धरलं. “चेक कर, बाला.” आणि हा मेलेला माणूस उठून चेक करतो! म्हणतो, “आंटी, चौदा मी बोललोच नाही. बोगी!” बोगी म्हणजे खोटा दावा, बाद. हॉल पेटला. “बोलला! बोलला!” “तो नाय, स्वीडल बोलली!” आणि मागून एक बाई उभी राहिली आणि माझं वाक्य, माझं, एकही शब्द न गाळता म्हणाली, “‘चौदा वर्षांची होते मी, आईने हाताला धरून खाडीवर नेलं आणि म्हणाली, पाणी परत येतं, माणसाचं सांगता येत नाही.’ पहिला सीन! बोललीच ती!” दुसरा कोण म्हणतो, “मग ‘एक मिनिट थांब’ मधला एक पण धरा!” तिसरा स्वीडलचं अख्खं भांडण म्हणून दाखवतोय. अहो, सगळ्यांना सगळं पाठ! इतकी वर्षं लिहितोय, माझं एक वाक्य कधी कुणी घरी नेलं नव्हतं. मी विंगेत उभा राहून ढसाढसा रडलो. आणि थेल्मा, ती कधी रडत नाही, तिने पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, विचारलं नाही मी.

सरांना फोन केला दुसऱ्या दिवशी. म्हटलं, सर, भूक वगैरे ठीक आहे, पण प्रेक्षकाच्या हातात त्याचं स्वतःचं काहीतरी पाहिजे, म्हणजे मग पुढचा शब्द त्याचा होतो. सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “विराम घेतोय.” बोंबील कसा धरायचा, मला कळलं बहुतेक. मीठ लावून.

बाकी पेटीत काय होतं, ते आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही. एकानेही नाही! मी सांगायला तयार आहे, पण विचारायला पाहिजे ना कुणीतरी?

ओवेन अंकल खूश. “लिओ, माय बॉय, डीजे कॅन्सल! ड्रामा कायम! फक्त नेक्स्ट इयर एकपासून नव्वदपर्यंत सगळे नंबर आले पाहिजेत, आणि फुल हाऊसच्या आत कुणी मरायचं नाही.”

काय करता? लिहायला घेतलाय. प्रेमाचाच आहे हो, चांगला हळवा. एकटा माणूस आहे, दारोदार फिरतो, एका दारात एक मुलगी रोज त्याची वाट बघते, तो येतो, तिच्याकडे बघतो, त्याला खूप काही बोलायचं असतं... आणि विजेच्या मीटरचं रीडिंग वाचून दाखवतो.