अमेरिका राणीची सुटका

एउस्तोलिया : पट्टा काढ तो आधी. छातीवर तीन रंगांचा पट्टा आडवा टाकून माझ्याशी ‘बघू, करू’ बोलू नकोस. माझ्या बुल्मारोला पकडलंय, प्रोकोरो!

प्रोकोरो : मावशी, सरपंच आहे म्हणून घातलाय पट्टा. मिरवणूक उभी आहे बाहेर. नीट सांग, कोणी पकडलं? पोलिसांनी?

एउस्तोलिया : परदेशी माणसं धरणाऱ्यांनी. आपल्याच देशात, तिकडे उत्तरेत टोमॅटो तोडून बसने घरी येत होता. नाक्यावर बस थांबवली. अख्ख्या बसमध्ये काळा हा एकटा. म्हणाले, ऊठ, तू मेक्सिकोचा नाहीस, तिकडच्या ओन्दुरास देशाचा आहेस.

प्रोकोरो : जन्मदाखला नव्हता?

एउस्तोलिया : होता की खिशात. खोटा आहे म्हणाले. असले बाजारात मिळतात म्हणे. अरे, आपल्या खापरपणजोबांपासून या किनाऱ्यावर आपण काळेच आहोत. मासे कोणी धरले इथे? नारळ कोणी लावले?

प्रोकोरो : मग राष्ट्रगीत गायला लावलं असेल.

एउस्तोलिया : तुला कसं कळलं?

प्रोकोरो : मलाही लावलं होतं. राजधानीच्या बसस्थानकावर, सगळ्यांसमोर. गायलो खड्या आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मावशी. मग सोडलं.

एउस्तोलिया : आणि गावात कोणाला बोलला नाहीस.

प्रोकोरो : काय बोलायचं? सरपंच गाणं म्हणून सुटून आला?

एउस्तोलिया : बरं, तालुक्याला फोन लाव. दाखल्याच्या कचेरीत. म्हणावं, या माणसाचा जन्म आमच्याकडे लिहिलाय, एवढं त्या नाक्यावर कळवा.

प्रोकोरो : आज सोळा सप्टेंबर. स्वातंत्र्याचा सण. कचेरीला कुलूप आहे.

एउस्तोलिया : म्हणजे माझा पोरगा मेक्सिकोचा आहे हे सांगायला मेक्सिकोच्याच सणाला एक माणूस जागेवर नाही. वा रे वा! मग तू चल माझ्याबरोबर. त्याची नाळ अंगणात पुरलीय, ती उकरून देते त्यांच्या हातात.

प्रोकोरो : पोचेपर्यंत उद्या उजाडेल गं.

एउस्तोलिया : थांब. वाजतोय. मघाशी याच नंबरवरून आला होता. घे, आवाज मोठा कर, मला जमत नाही.

बुल्मारो : आई? हळू बोल. फोन दुसऱ्याचा आहे. शेजारी ओन्दुरासचा एक जण बसलाय, त्याने बुटात लपवला होता.

एउस्तोलिया : खाल्लंस का काही? मक्याच्या पिठात शिंपले भरून तमाल उकडलेत तुझ्यासाठी.

बुल्मारो : राहू दे ते. सरपंच आहेत का?

प्रोकोरो : आहे रे. गीत नीट गायलास ना?

बुल्मारो : दुसऱ्या कडव्यात अडकलो. हा ओन्दुरासवाला तीन कडवी गायला, एक शब्द न चुकता. त्याला साहेब म्हणाला, एवढं पाठ येतंय म्हणजे तू बाहेरचा. मला म्हणाला, येत नाही म्हणजे तू बाहेरचा.

प्रोकोरो : हरामखोर.

बुल्मारो : मग विचारलं, स्वातंत्र्याच्या दिवशी तुमच्यात काय करता? मला वाटलं, सुटलो! हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सांगितलं सगळं. गावातली एक मुलगी अमेरिका राणी, म्हणजे आपली भूमी, होते, झेंड्याच्या रंगांचा झगा घालून घोड्यावर बसते. गाचुपिन, म्हणजे ते स्पेनचे गोरे, तिला पळवतात. आम्ही आपाचे आदिवासी बनून, पिसं लावून, भाले घेऊन तिला सोडवून आणतो. ती सुटली की देश सुटला. म्हटलं, यंदा माझी मुलगी नेरेइदा राणी आहे, साहेब, आणि आपाच्यांचा कप्तान मी.

प्रोकोरो : अरे देवा.

बुल्मारो : तो हसायला लागला. दुसऱ्या साहेबाला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. म्हणाला, यात पाद्री कुठाय? त्याने घंटा वाजवून बंड पुकारलं, ती घंटा कुठाय? असलं काही मेक्सिकोत होत नाही. आणि लिहून टाकलं, याला देशाचा सणसुद्धा माहीत नाही.

एउस्तोलिया : पाद्र्याचं सांगायला काय झालं होतं, मुडद्या? शाळेत शिकवलं होतं ना!

बुल्मारो : त्याने विचारलं, तुमच्यात काय करता. मी खरं ते सांगितलं.

प्रोकोरो : त्या साहेबाला फोन दे. मी सरपंच म्हणून बोलतो.

बुल्मारो : मी म्हटलं होतं, आमच्या सरपंचाला विचारा. तर म्हणाला, सरपंचही तुझ्यासारखाच असेल.

एउस्तोलिया : बोल ना रे प्रोकोरो.

प्रोकोरो : काय बोलू? आहेच मी त्याच्यासारखा.

बुल्मारो : गाडी लागलीय बाहेर. दक्षिणेची सीमा ओलांडून थेट ओन्दुरासला नेऊन सोडतात. ओन्दुरासमध्ये मी कोणाला ओळखतो, आई? हा म्हणतो, माझ्या भावाकडे जा. पत्ता दिलाय त्याने.

एउस्तोलिया : चढू नकोस गाडीत. आडवा पड!

बुल्मारो : आडव्यालाही उचलतात गं. खेळ सुरू झाला का?

प्रोकोरो : तुझ्यासाठी थांबवलाय. नेरेइदा कधीची घोड्यावर बसलीय.

बुल्मारो : तिला काय सांगितलंत?

एउस्तोलिया : बसला उशीर झालाय म्हणून.

बुल्मारो : बरं केलंस. आता थांबू नका, उन्हात घोडं बिथरेल. माझा पिसांचा मुकुट इसाउरोला द्या, आज कप्तान तो होऊ दे. आणि म्हणावं, आधी पोर सोडव, मग दारू पी.

प्रोकोरो : मावशी, करू सुरू?

एउस्तोलिया : मला काय विचारतोस! कर.

(चौकात ढोल सुरू होतो.)

बुल्मारो : फोन ठेवू नकोस, आई. चौकाकडे धर.

एउस्तोलिया : धरलाय.

बुल्मारो : येतोय आवाज. पळवली का तिला?

एउस्तोलिया : पळवली. चिंचेखाली नेलीय. तोंडाला पीठ फासलंय मेल्यांनी, गोरे म्हणे!

बुल्मारो : आणि इसाउरो?

प्रोकोरो : घुसलाय बघ! मुकुट डोळ्यांवर येतोय त्याच्या, पण घुसलाय!

बुल्मारो : हो साहेब, उठतो. नाही साहेब, कसली दंगल, माझ्या गावातला आवाज आहे. एकच मिनिट, माझी मुलगी आहे तिथे... आई, सुटली का ती? आई, सुटली—

एउस्तोलिया : थांब, सांगते, थांब!

प्रोकोरो : सोडवली! मावशी, सोडवली तिला!

एउस्तोलिया : ऐकलंस का रे? सुटली! बुल्मारो? सुटली रे!

प्रोकोरो : मावशी... फोन बंद झालाय.

एउस्तोलिया : कळतंय मला. हसून हात हलव, प्रोकोरो. पोर इकडेच बघतेय.