शेवटच्या नळाचा नमुना

मी, पाणीपुरवठा समितीची लिपिक, वय ४४ वर्षे, शिक्षण रसायनशास्त्रातील पदवी, राहणार पाण्याच्या टाकीमागे दुसरे घर, आज दिनांक १९ रोजी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. पंपचालक अण्णांना काल ताब्यात घेतल्याचे कळले, म्हणून आले आहे.

वस्तीत २१२ नळ आहेत. समितीत पगारी माणसे दोनच, अण्णा व मी. अण्णा, वय ६१, पाण्याचा पंप आणि सांडपाण्याचा पंप असे दोन्ही सांभाळतात. क्लोरीन सोडणारे यंत्र सात महिन्यांपासून बंद आहे, त्याचा सुटा भाग मिळत नाही. तेव्हापासून अण्णा रोज पहाटे बादलीत पावडर कालवून टाकीवर चढतात व ओततात.

माझ्याकडे दप्तर, आणि रविवार सोडून रोज शेवटच्या नळाचे पाणी तपासणे. शेवटचा नळ खालच्या गल्लीत टेलरबाईंच्या दारात आहे. तिथवर क्लोरीन पोचले तर सगळीकडे पोचले असे धरतात. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही.

रजिस्टरप्रमाणे दिनांक १४, शनिवारपर्यंत शेवटच्या नळाला क्लोरीन योग्य होते. दिनांक १६ पासून खालच्या गल्लीत एकतीस जणांना जुलाब-उलट्या झाल्या. दिनांक १७ रोजी टेलरबाई, वय ७३, दवाखान्यात वारल्या. रविवारी तपासणी नसते हे साधून अण्णांनी पावडर टाकलीच नाही, असे समितीच्या अध्यक्षांचे म्हणणे आहे. रजिस्टर खरे धरले तर दुसरे काही निघत नाही.

रजिस्टर खरे नाही. दिनांक १४ पर्यंतच्या अकरा आठवड्यांतील शेवटच्या नळाच्या सर्व नोंदी मी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी तपासून केल्या आहेत. माझे घर टाकीपासून चाळीस पावलांवर आहे. तिथे पाणी पिवळे होणारच.

कारण विचारल्यावरून घाई असे मी प्रथम सांगितले होते, ते खोडून घेतले आहे. घाई नव्हती. टेलरबाई एकट्या राहत. मला पाहिले की म्हणत, "आलीस का गं पाणीवाली? आधी माझ्या नळाचा ताप बघ, मग माझा बघ." नळाजवळ माझ्यासाठी स्टूल मांडलेले असे. मी न बसता निघाले तर म्हणत, "बाटलीभर पाणी नेतेस, घोटभर बोलून तर जा." बोलणे रोज तेच असे: शिलाई मशीन, गुडघे, मुलाचा फोन. पाच मिनिटांच्या तपासणीला पाऊण तास जाई. मला कंटाळा येई. एक दिवस गेले नाही. दुसऱ्या दिवशी, काल का आली नाहीस, असे विचारतील म्हणून गेले नाही. पुढे सवय झाली.

सुमारे महिन्यापूर्वी अण्णा म्हणाले, "ताई, खालच्या गल्लीत सांडपाण्याचं चेंबर पाझरतंय. आपली लाईन तिथूनच जाते. जरा नीट बघा तिथलं." मी म्हणाले, "रोज बघतेच की." ते म्हणाले, "मग माझ्या जिवाला घोर नाही." चेंबर उकरायचे राहून गेले. माझ्या उत्तरामुळे राहिले की माणसे मिळाली नाहीत म्हणून राहिले, हे मला ठरवता आलेले नाही. दोन्ही लिहावे.

रविवारी सकाळी माझ्या नळाच्या पाण्याला पावडरीचा वास होता. म्हणजे अण्णांनी पावडर टाकली होती. आज पहाटे ते नसल्याने पावडर मी टाकली. सात वाजता माझ्या नळाचे पाणी पिवळे झाले. सव्वासात वाजता शेवटच्या नळाचे पाणी तीनदा तपासले. तिन्ही वेळा रंग आला नाही. वाटेत घाण मिसळते व क्लोरीन तिथवर टिकत नाही. त्या गल्लीचा व्हॉल्व्ह मी बंद केला आहे.

तपासत असताना शेजारच्या मावशी बाहेर आल्या. म्हणाल्या, "आता कशाला आलीस? बाईंनी पाणी उकळणंसुद्धा सोडलं होतं. म्हणायच्या, पाणीवाली येईनाशी झाली म्हणजे पाणी सुधारलं. ती काय मला भेटायला थोडीच येत होती?"

स्टूल नळाजवळच होते.

जबाब लिहिणारे हवालदार म्हणाले, "मॅडम, यात तुम्हीच अडकाल. नमुना चुकून दुसरीकडचा घेतला, असं लिहू का?" चुकून नव्हे, असे मी सांगितले. अण्णांचा यात दोष नाही. त्यांना सोडावे.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंदीखाली 'प्रत्यक्ष जागेवर तपासले' असे छापलेले आहे आणि त्याखाली माझी सही आहे. अकरा आठवड्यांच्या अशा सहासष्ट सह्या आहेत. त्या करताना वरचे शब्द मी वाचत नसे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी तो स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे व बरोबर आहे. सही वाचून केली आहे.